डाव्या बाजूची उसण

लातूर, ९ एप्रिल २०२५

प्रिय संघपाल,
सप्रेम जय भीम.

चार वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. वेळ मिळाला नाही असं म्हणणार नाही. मी रोज डायरी लिहिते हे तुला ठाऊक आहे, आणि तिच्यात तुझं नाव बऱ्याचदा येतं. तुझ्यापर्यंत पोचेल अशा कागदावर मात्र ते आलं नाही. काल धम्मप्रियाला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तुमचा नंबर दिसला की हे फोन पालथा घालून ठेवतात. पण पोस्टानं आलेलं वाचतात. फाडत नाहीत. तुम्ही लिहा." नवऱ्याबद्दल बायको इतक्या खात्रीनं बोलते, तेव्हा तिचं ऐकावं. म्हणून लिहिते आहे.

आबांना डाव्या बाजूला उसण भरली आहे. हा शब्द त्यांचा, माझा नाही. शनिवारी संध्याकाळी विहारातून आले ते डावा हात पोटाशी धरूनच. जेवले नाहीत. बरगडीखाली धरतं, श्वास ओढला की कळ येते, आणि ती कळ वर जाऊन डाव्या खांद्याच्या टोकावर बसते असं म्हणाले. मी खांदा दाबून पाहिला. दाबल्यानं काहीच होत नाही. जिथं दुखतं तिथं हात लावला तर दुखत नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. आबा म्हणाले, "उसणीचं तसंच असतंय."

आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, छातीला नळी लावली, विचारलं, "कुठं पडलाबिडला होता का?" आबा म्हणाले, "या वयात मी काय झाडावर चढतो का?" डॉक्टर हसले. गॅसची गोळी आणि दुखण्याची गोळी दिली. रक्त पातळ राहायची रोजची गोळी चालू आहे, ती चालू ठेवा म्हणाले.

आता मूळ गोष्ट. आबांना तू हवा आहेस. तसं ते म्हणालेले नाहीत. ते म्हणाले, "उसणीला पायाळू माणसाचा पाय लागावा लागतो."

तुला आठवतं ना, पायांकडून जन्मलास म्हणून गल्लीतल्या बायका तुला उसण उतरवायला उचलून न्यायच्या? कमलम्मा काकू ओट्यावर पालथ्या पडायच्या, तू त्यांच्या पाठीवर पाय मारायचास आणि मूठभर फुटाणे घेऊन यायचास. आबांनी एकदा पाहिलं तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "माझं पोरगं म्हणजे काय इस्त्री हाय का, ज्याच्या त्याच्या पाठीवर फिरवायला?" विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस तो. ज्यानं एसटीच्या डेपोत गाडीला लिंबू-मिरची बांधू दिली नाही. तो माणूस मला सांगतो आहे की पायाळूचा पाय लागावा लागतो.

मी विचारलं, "संघपालला बोलवू का?"

"त्याला बोलवू नको," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तू काय सहज पत्रबित्र लिहीत असलीस, तर उसण भरली एवढं लिही. बाकी काही लिहू नको."

बाकीचंही मी लिहिलं आहे. त्यांनी सांगितलेलं आणि न सांगितलेलं यांत फरक करण्यात मी नेहमी चुकते, म्हणून दोन्ही तुझ्यापुढे ठेवली.

तुझी,
ताई


लातूर, १३ एप्रिल २०२५

प्रिय संघपाल,

पहिलं पत्र पोचलं असेल की नाही, माहीत नाही. उद्या जयंती. गल्लीत निळ्या पताका लागल्या, विहारावर दिव्यांची माळ सोडली. आबा दरवर्षी ती माळ स्वतः बांधतात, या वर्षीही त्यांनीच बांधली. पण बघायला गेले नाहीत. दारात खुर्ची टाकून बसून राहिले.

दुखणं हटलेलं नाही. भूक मेली आहे. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात. अंगानं पिवळट दिसतात. मी ते उन्हाचं म्हणून सोडून दिलं. शुक्रवारी हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण तक्रार खांद्याची होती. खांद्याचा एक्स-रे काढला. हाडं वयाप्रमाणे झिजली आहेत, बाकी काही नाही. त्यांनीही विचारलं, मार लागला होता का. आबा म्हणाले, "न्हाई." गळ्यात हाताची झोळी अडकवून दिली आणि दुखण्याची आणखी कडक गोळी. फोटो खांद्याचाच काढला, हे मला घरी आल्यावर जाणवलं. बरगडीबद्दल मी बोलायला हवं होतं. माझ्याच तोंडून "खांदा" हा शब्द आधी गेला होता.

एक गोष्ट विचित्र आहे. त्यांना आडवं होता येत नाही. पाठ टेकली की खांद्यात आग होते म्हणतात. भिंतीला उशी लावून बसूनच झोपतात. उसणीत असं होतं का? तू विज्ञान शिकवतोस म्हणून विचारते. माझं शिक्षण मराठी साहित्याचं, आणि त्यात उसण हा फक्त एक शब्द आहे.

आज दुपारी माणिकप्पा काका आले होते. गाडीवर असताना आबा ड्रायव्हर आणि ते कंडक्टर, ती जोडी अजून तुटलेली नाही. रोज दुपारी येतात, चहा पितात, आणि दोघंही एकमेकांचा अपमान करतात.

"काय भीमराव, जयंतीला झोळी घालून मिरवनार व्हय?"

"तू गप बस. तुझ्या तिकिटाच्या पेटीपेक्षा हलकी हाय."

"पोरी, ह्येला मोठ्या दवाखान्यात दाखव. मी सांगून राहिलो."

"कामून?" आबा एकदम चिडले. "उसणीला मोठा दवाखाना लागतो का? मोठ्या दवाखान्यात माणसं कशी जातात आन् कशी येतात ते म्या बघितलंय."

आबा कोणाबद्दल बोलत होते, ते आम्हां तिघांनाही कळलं. एकवीस सालच्या मेमध्ये मायला इथं ऑक्सिजन मिळेना म्हणून तू गाडी करून तिला नांदेडला न्यायला निघालास. लोह्याच्या पुढे ती गेली. घरी आल्यावर दारात, सगळ्यांच्या देखत, आबांनी तुला जे वाक्य ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. तुला ते पाठ असेल.

निघताना माणिकप्पा काका दारात थांबले. काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. "काय काका?" म्हटलं. "काय न्हाई गं," म्हणाले, "कमलम्मानं पुरनपोळी दिलीय, खाऊ घाल त्येला." डबा माझ्या हातात दिला आणि चपला न घालताच चार पावलं गेले, मग परत आले.

आज आबांना थेट विचारलं. "आबा, तुमचा उसणीवर खरंच विश्वास आहे?"

"दुखतंय तर खरं ना?"

"आणि पायाळूवर?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "तुझी माय ठेवायची," म्हणाले.

माय असं काही मानत नव्हती, संघपाल. तूही हे जाणतोस.

ताई


लातूर, १७ एप्रिल २०२५

प्रिय संघपाल,

तुझा फोन माणिकप्पा काकांच्या दुकानात आला, ते त्यांनी मला लगेच येऊन सांगितलं. तू फक्त एवढंच विचारलंस म्हणे, "काका, उसण कुठल्या बाजूला?" त्यांनी "डाव्या" म्हटलं. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवला. काका मला विचारत होते, "डाव्या म्हनल्यावर त्येचं काय बिघडलं असंल का गं? उजव्या म्हनायला पायजे होतं का?" मला हसू आलं आणि मग आलं नाही.

मी हे आबांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली. एकट्या उजव्या हातानं, एका गालावर दोनदा वस्तरा लागला.

काल न्हाणीत त्यांना अंधारी आली. पडता पडता दाराला धरलं. घामानं ओलेचिंब, छातीत डावीकडे दडपण. आता मी कोणाचं ऐकलं नाही. रिक्षा केली, एका खाजगी हृदयाच्या दवाखान्यात नेलं. आबा रिक्षात पुटपुटत होते, "उसण हाय, उसण हाय." ईसीजीत थोडा बदल निघाला. रक्ताची एक तपासणी असते हृदयाची, तीही थोडी वाढलेली. अंगातलं रक्तही कमी होतं; डॉक्टर म्हणाले, या वयात असतं. छाती, डावा खांदा, घाम, बाहत्तर वय. डॉक्टरांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि म्हणाले, "हृदयाचा हलका झटका आहे. वेळेवर आणलंत."

त्यांनीही विचारलं, "पडले होते का कुठे?" या वेळी आबा थकले होते, उत्तर मी दिलं. "नाही. न्हाणीत पडता पडता सावरले, पण पडले नाहीत." माझं उत्तर नेमकं होतं. माझ्या उत्तराच्या नेमकेपणावर मी तेव्हा समाधानी होते, हेही लिहून ठेवते.

आता त्यांना रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटावर देतात, सकाळ-संध्याकाळ. शिवाय गोळ्या. दुखणं अजून आहे, पण आता त्याला नाव आहे. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. हृदय म्हणजे काहीतरी कळणारी गोष्ट. लोकांना फोनवर सांगता येते. कॉलेजात सांगितलं तर माझ्याकडची ग्रंथालयाची चावी त्यांनी बिनबोलता दुसऱ्याकडे दिली.

आबांना मी म्हटलं, "बघा, उसण नव्हती."

ते म्हणाले, "मग त्याला कळवलंस का, उसण न्हाई म्हणून?"

"कळवते."

"नको," म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तेच ऱ्हाऊ दे."

त्यांचं ऐकायचं की तुला खरं कळवायचं, यावर मी तासभर बसले. शेवटी खरं कळवलं. उसण नाही, संघपाल. पण तू ये. हे माझं म्हणणं आहे, त्यांचं नाही.

ताई


लातूर, १९ एप्रिल २०२५, दुपार

संघपाल,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर लागणार नाही कदाचित.

काल सकाळच्या इंजेक्शननंतर आबांचं पोट टरारून आलं. ओठ पांढरे. नाडी लागेना. हृदयाच्या दवाखान्यातून रुग्णवाहिकेनं मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथं डॉ. तनुजा म्हणून एक निवासी डॉक्टर आहेत, आमच्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींसारख्या दिसतात. त्यांनी आबांना सपाट झोपवून पलंगाचा पायाकडचा भाग वर केला. आबा ओरडले, "खांदा! खांदा!" त्यांचं ओरडणं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं.

डॉक्टर थांबल्या. पोटावर बोट ठेवलं, डाव्या बरगड्यांवरून हात फिरवला. एका जागी आबांनी त्यांचा हात धरला.

"हे कधी पडले होते?" मला विचारलं. पडले होते का असं नाही. कधी पडले होते.

"पडलेले नाहीत," मी म्हटलं.

"ताई, मी परत विचारते. पंधरा दिवसांत कधीही."

मी तेच उत्तर पुन्हा द्यायला तोंड उघडलं, आणि मागून माणिकप्पा काका म्हणाले, "पडला. म्या बघितलं."

सोनोग्राफीचं यंत्र येईपर्यंत ते तिथं उभ्या उभ्या बोलले. त्या शनिवारी आबा विहारावर दिव्यांची माळ बांधायला शिडीवर चढले. शिडी सरकली. खाली कठड्याचा लोखंडी पाइप होता, त्यावर डावी बाजू आपटली. काका खाली उभे होते. थोडा वेळ श्वास बंद झाला, मग उठून बसले, पाणी प्यायले, आणि शिडीवर परत चढून माळ पुरी केली.

"म्या म्हनलो, भीमराव, पोरीला सांग. तर म्हने, सांगायचं न्हाई. म्हनलो, कामून? तर काय म्हनला माहितीय का? म्हने, पडलो म्हनलं की दवाखाना. उसण म्हनलं की संघपाल."

मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. यात माझा एकही शब्द नाही.

"बरगडीला मार हाय, आठ-धा दिसात जाईल, तवर पोरगं येऊन पाय लावून जाईल, असं म्हनला. मला शपत घातली. आता बोला डॉक्टरीनबाई, मी काय करायचं होतं?"

डॉ. तनुजांनी यंत्र आबांच्या पोटावर फिरवलं. पडद्यावर काळं काळं दिसत होतं. ते रक्त, असं त्यांनी मला दाखवलं. पोटात डावीकडे वर प्लीहा असते. काका म्हणाले, "पानथरी म्हना की." हां, पानथरी. बरगड्यांच्या आडोशाला असते. मार लागला तेव्हा ती आतल्या आत चिरली, वरची साल मात्र तशीच राहिली. थोडं थोडं रक्त सालीखाली साचत गेलं. मग साल फुटली.

"आणि खांदा?" मी विचारलं.

त्यांनी घाईतही नीट सांगितलं. पोट आणि छाती यांच्यामध्ये जो पडदा आहे, त्याची नस आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. पडद्याखाली रक्त साचलं की डोक्याला वाटतं खांदा दुखतोय. आडवं झालं की रक्त पडद्याकडे सरकतं, म्हणून झोपता येत नाही. खांदा दाबला तर दुखत नाही, कारण खांद्यात काही झालेलंच नसतं.

म्हणजे आबांनी सगळं खरं सांगितलं होतं. कुठं दुखतं, कसं वाढतं, कधी थांबतं. फक्त एक सोडून.

मग त्यांनी इंजेक्शनचा कागद पाहिला. रक्त पातळ करायचं. किती वेळा दिलं, शेवटचं कधी. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी कागद दुसऱ्या डॉक्टरांच्या हातात न बोलता दिला, आणि त्या दुसऱ्यांनीही तो न बोलता वाचला. मला तेवढ्यावरून कळलं.

शस्त्रक्रिया झाली. पानथरी काढून टाकली. दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. रक्त थांबायला फार वेळ लागला. आत नेण्याआधी आबा शुद्धीवर होते. मी वाकून म्हटलं, "आबा, सांगितलं का नाही?" ते माझ्याकडे बघत म्हणाले, "बाजू विचारली ना त्यानं?"

"हो. विचारली."

"मग येतो तो," म्हणाले. "बाजू कोन उगीच विचारतंय?"

धम्मप्रियालाही फोनवर सगळं सांगितलं आहे. ये, संघपाल.

ताई


लातूर, २५ एप्रिल २०२५

प्रिय संघपाल,

तू आला नाहीस. याबद्दल मला तुला काही विचारायचं नाही. धम्मप्रियानं सांगितलं, रविवारी पिशवी भरून तू माहूरच्या स्टँडवर गेलास. नांदेडची गाडी लागली, सुटली. दुसरी लागली, सुटली. मग तू पिशवी घेऊन घरी आलास, आणि पिशवीतले कपडे परत कपाटात लावलेस, घडी न मोडता. तिला वाटलं हे ऐकून मी चिडेन. मी चिडायचा प्रयत्न करून पाहिला. तू कोण म्हणून आला असतास, हे मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी त्यांनी तुला घराबाहेर काढलं ते मुलगा म्हणून नव्हतं, गुन्हेगार म्हणून होतं.

आबा मशीनवर आहेत. शस्त्रक्रियेनंतर तोंडात नळी होती, तरी दोन दिवस डोळे उघडत होते. दार वाजलं की तिकडे बघायचे. तिसऱ्या दिवसापासून बघत नाहीत. मूत्रपिंडं बंद पडली. छातीत संसर्ग झाला. पानथरी नसली की अंगाला संसर्गाशी झुंजणं जड जातं, आणि मोडक्या बरगड्यांमुळे खोल श्वास गेलाच नव्हता. हात सुजले आहेत. अंगठी कापून काढावी लागली.

काल डॉ. तनुजा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. त्या नेहमी उभ्यानं बोलतात. बसल्या तेव्हाच मला समजलं.

"मशीन काढा असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं हृदय थांबेल. आज-उद्या. थांबलं की आम्ही छाती दाबतो, जोरात. त्यांच्या बरगड्या मोडलेल्या आहेत. आणखी मोडतील. आणि परत आले, तरी इथंच येतील, ह्याच नळीवर. दाबायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवायचं." मग म्हणाल्या, "मुलगा आहे ना? त्यांना विचारून घ्या."

इथं सगळेच मुलाला विचारतात. औषधाच्या दुकानातही.

मी "विचारते" म्हटलं.

संघपाल, आता जे लिहिते ते नीट वाच.

आबांनी ते वाक्य मागे घेतलं, असं मी तुला लिहू शकले असते. शस्त्रक्रियेआधी शुद्धीवर होते, मी एकटी त्यांच्या तोंडाजवळ होते, कोणी ऐकायला नव्हतं. तू कधीच पडताळू शकला नसतास. "संघपालचं काही चुकलं नव्हतं," एवढंच लिहायचं होतं. परवापासून ते वाक्य मी मनात जुळवते आहे, त्यांच्या बोलीत, त्यांच्या तोंडी शोभेल असं. चांगलं जुळलं होतं. पण ते तसं बोलले नाहीत. त्यांना तो शब्द येत नव्हता. त्यांना उसण हा शब्द येत होता, तो त्यांनी वापरला, आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्याचा काय अर्थ लावायचा तो तू लाव. मी लावला आहे, पण माझ्यावर विसंबू नकोस.

दुसरं. "तूच मारलंस तिला." शेवटी लिहिलंच ते वाक्य. आबांची तीच रीत लावली, तर हे माझ्याकडे येतं. हाडाच्या डॉक्टरांपुढे खांदा मी म्हणाले. हृदयाच्या दवाखान्यात मी नेलं. पडले नाहीत, हे मी सांगितलं, आणि त्या सांगण्यावर इंजेक्शन सुरू झालं. डॉ. तनुजा म्हणतात, पडल्याचं कोणी सांगितलं नाही तर कोणालाही हृदयच वाटलं असतं. माणिकप्पा काका रोज येऊन म्हणतात, दोष त्यांचा. कमलम्मा काकू म्हणतात, शिडीचा. सगळ्यांनी आपापला दोष असा घट्ट धरला आहे की माझ्या वाट्याला कोणी काही ठेवत नाही. ते वाक्य मला म्हणू शकेल असा तू एकटा उरला आहेस. तुला म्हणायचं असेल तर म्हण. मला ते चालेल. त्यानं तुझं हलकं होईल असं मात्र मी म्हणत नाही. माझं झालेलं नाही.

मायला नांदेडला नेताना तुझ्या मनात काय चाललं होतं, हे मला आता थोडं कळतं. तिथं पोचलो तर वाचेल. आपण काहीतरी करतो आहोत. गाडी चालू आहे. त्या दिवशी रुग्णवाहिकेत मलाही तेच वाटत होतं, आणि गाडी चालू होती तेवढा वेळ मी जवळजवळ सुखात होते.

हे पत्र तुला सोमवारी-मंगळवारी मिळेल. तोवर विचारायचं काही राहिलेलं नसेल. म्हणजे "विचारते" म्हटलं ते खरं नव्हतं. धम्मप्रियाला फोन करून तुला विचारायला लावता आलं असतं, तेही केलं नाही. तू हो म्हणालास तरी ते वाक्य पुन्हा तुझ्या नावावर चढलं असतं, आणि नाही म्हणालास तर त्यांच्या बरगड्या. दोन्ही तुला द्यायची नव्हती. कदाचित हाही माझा अहंकारच असेल. ठरवलं मी आहे, एकटीनं, आज दुपारी, त्यांच्या सुजलेल्या हाताला हात लावून.

माणिकप्पा काका बाहेर बसले आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते विचारत होते, "पोरगं सुटलं का गं माहूरहून?" मी म्हटलं, "नाही, काका." "गाड्या कमी झाल्यात आता त्या रूटला," म्हणाले.

उद्या : सकाळी राउंडला डॉ. तनुजांना सांगायचं, छाती दाबू नका.

ताई